मोरसची साखर आणि मजुराचें समाधान

आमच्या लहानपणीं आजी पांढऱ्या दाणेदार साखरेस ‘मोरस साखर’ म्हणे. ती साखर वस्तुतः आपल्याच इकडच्या कारखान्यांत तयार झालेली असे. परंतु तिच्या आजीच्या तोंडचा शब्द तिच्या तोंडीं राहिला होता. मोरस म्हणजे काय, हें तिला ठाऊक नव्हतें व आम्हींही कधीं विचारलें नाहीं. पुढें इतिहासाच्या अभ्यासास लागल्यावर उमगलें कीं, मोरस म्हणजे मॉरिशस बेट. एकोणिसाव्या शतकांत तेथील साखर मुंबई बंदरांत उतरे, आणि साखरेच्या पाठोपाठ त्या बेटाचें नांवही आपल्या स्वयंपाकघरांत शिरलें. त्याच शतकांत मुंबई, मद्रास व कलकत्ता या तीन बंदरांतून माणसें उलट दिशेनें त्या बेटाकडे जात होतीं. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी बोलणारे कुणबी, मराठे व महारही होते. साखरेचें नांव आपण लक्षांत ठेवलें. ती पिकविणाऱ्यांस मात्र विसरलों.

हीं माणसें तेथें आपल्या कामांत सुखी होतीं काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हीं घेतला आहे. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर देण्याची रीत साधी नाहीं. हल्लीं उद्योगधंद्यांचा अभ्यास करणारे विद्वान् परदेशीं जाऊन नोकरी करणाऱ्यांपुढें प्रश्नांची यादी ठेवतात: वेतन पुरेसें वाटतें काय, वरिष्ठ नीट वागवितात काय, कामाचा शीण घरीं गेल्यावर उतरतो काय, आणि आलेल्या उत्तरांवरून समाधानाचें माप काढतात. शंभर दीडशें वर्षांपूर्वीं मेलेल्या मजुरांपुढें अशी यादी ठेवतां येत नाहीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांस लिहितां येत नव्हतें. त्यांच्याविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें तें मळेवाल्यांनीं, सरकारी अंमलदारांनीं किंवा त्या दोघांशीं भांडणाऱ्या परोपकारी गृहस्थांनीं लिहिलें. तेव्हां इतिहासकारास त्यांच्या शब्दांवरून नव्हे, तर त्यांच्या कृतींवरून अनुमान करावें लागतें. आणि कृतीचा अर्थ लावतांना फसगत होण्याचा संभव फार.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगितली पाहिजे. मॉरिशस बेट इंग्रजांनीं १८१० सालीं फ्रेंचांपासून घेतलें. १८२५ सालीं तेथील साखरेवरील इंग्लंडांतली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यांत आली, आणि बेटांतील मळेवाल्यांनीं जिकडे तिकडे ऊस लावला. हें काम आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम करीत. पुढें ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी बंद केली व तो कायदा मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ पासून अमलांत आला. मालकांस नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांस कांहींच मिळालें नाहीं. त्यांना आणखी कांहीं वर्षें उमेदवार या नांवाखालीं जुन्याच धन्याकडे राबावें लागलें. १८३९ सालीं ही उमेदवारीही संपली, आणि त्याबरोबर बहुतेक सर्व मुक्त गुलाम मळे सोडून चालते झाले. मजुरी देऊं केली तरी ते परत येईनात. उसाच्या कामांत समाधान किती होतें, याचा हा पहिला आणि अगदीं स्पष्ट पुरावा होय.

मळेवाल्यांनीं ही आपत्ति आधींच ओळखली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलास’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागलें. करार पांच वर्षांचा होता. पुरुषास महिना पांच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल व अंगावर कपडा. या छत्तिसांपासून सुरुवात होऊन पुढील पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख हिंदी माणसें त्या बंदरांत उतरलीं. १८७१ च्या शिरगणतीच्या वेळीं बेटाच्या एकंदर वस्तीपैकीं दोनतृतीयांश माणसें हिंदी होतीं. जहाजांतून उतरलेल्यांस ज्या जागीं ठेवीत तेथील दगडी पायऱ्या व कांहीं खोल्या अद्याप उभ्या आहेत. आपल्या लोकांनीं त्या जागेस ‘घाट’ म्हटलें. आज ती ‘आप्रवासी घाट’ या नांवानें ओळखली जाते व २००६ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें.

कराराचे शब्द कागदावर वाईट नव्हते. आपल्याकडे ज्या शेतमजुरास वर्षांतून कित्येक महिने काम नसे, त्याला महिना पांच रुपये व पोटभर तांदूळ ही गोष्ट लहान नव्हती. पण करारांत न दिसणाऱ्या, किंवा दिसूनही न समजणाऱ्या गोष्टी तेथें गेल्यावर कळत. एक दिवस कामावर आला नाहीं तर दोन दिवसांचा पगार कापीत. यास तेथें ‘दुप्पट कपात’ म्हणत. आजारी पडला, मार्गांत पूर आला, मुकादमाची खपा मर्जी झाली, कारण कांहींही असो, महिनाअखेरीस हिशेब करतांना कांहीं मजुरांस येणें उरण्याऐवजीं देणेंच उरे. पगार महिन्याच्या महिन्यास मिळेल असाही नेम नव्हता. कित्येक मळ्यांवर तो तीन-तीन चार-चार महिने थकत असे. रविवारीं सुटी असली तरी सकाळचे कांहीं तास बैलांची, गोठ्याची व आवाराची कामें बिनपगारी करावीं लागत. आपल्याकडे यालाच वेठ म्हणतात. मजुरांच्या टोळीवर जो मुकादम असे त्यास तेथें ‘सरदार’ म्हणत. आपल्याकडे सरदार शब्दाबरोबर पागोटें, घोडा व दरबार डोळ्यांपुढें येतो. तेथील सरदार पहाटे अंधारांत मजुरांस उठवून उसाच्या फडांत नेई, त्यांची हजेरी लावी व पुष्कळदां त्यांना व्याजानें पैसेही देई. अशा करारास पुढें फिजी व नाताळकडे ‘गिरमिट’ हें नांव पडलें. हा इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश खरा. परंतु मराठींत गिरमिट म्हणजे सुताराचें लांकडास भोंक पाडण्याचें हत्यार, हेंही येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां मळेवाल्यांची बाजू पाहूं. ‘आमचे मजूर समाधानी आहेत,’ असें ते म्हणत, आणि त्यास तीन प्रमाणें देत. पहिलें प्रमाण असें कीं, पुष्कळ मजूर मुदत संपल्यावर त्याच किंवा शेजारच्या मळ्यावर पुन्हा करार करीत. दुसरें, सरकारी बचत बँकेंत हिंदी मजुरांच्या ठेवी असत आणि परत जाणारे लोक बरोबर पैसा घेऊन जात. तिसरें प्रमाण सर्वांत बळकट होतें. मायदेशीं परत गेलेल्यांपैकीं कांहीं जण पुन्हा बेटाकडे येत, व येतांना आपले भाऊबंद, शेजारीपाजारी यांसही घेऊन येत. ज्यानें मळा डोळ्यांनीं पाहिला, दुप्पट कपात सोसली, तोच मनुष्य स्वतःच्या भावास घेऊन परत येतो, तेव्हां त्यास फसविलें असें कसें म्हणावें?

या प्रमाणांकडे दुर्लक्ष करणें अप्रामाणिकपणाचें होईल. ह्यू टिंकर या इंग्रज इतिहासकारानें १९७४ सालीं या विषयावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याच्या नांवांतच या पद्धतीस गुलामगिरीची नवी पद्धति म्हटलें आहे. पुढें मरिना कार्टर या विदुषीनें मॉरिशसच्या दप्तरांतून मजुरांचे अर्ज, जबान्या व पत्रें शोधून काढलीं आणि दाखवून दिलें कीं, हे लोक केवळ हांकून नेलेलीं मेंढरें नव्हते. परत आलेल्या माणसांच्या तोंडून माहिती घेऊन, नातेवाइकांचा माग काढीत, हिशेब करून गेलेले लोकही त्यांत पुष्कळ होते. हा शोध महत्त्वाचा आहे. आपण ज्यांस निव्वळ दीन समजतों त्यांसही बुद्धि होती व इच्छा होती, हें त्यानें सिद्ध होतें. मात्र मनुष्य हिशेब करून गेला एवढ्यावरून तो तेथें समाधानी होता, असें ठरत नाहीं. घरीं सावकाराचें कर्ज, जमीन गहाण, पाऊस बेभरंवशाचा. अशा वेळीं दोन दुःखांपैकीं जें सोसवेल तें मनुष्य पत्करतो. पत्करणें वेगळें व समाधान वेगळें.

पुन्हा करार करण्याविषयीं तर याहून अधिक बोललें पाहिजे. मुदत संपलेल्या मजुरास तेथें ‘जुना आप्रवासी’ म्हणत. प्रारंभीं त्याला परतीचें भाडें फुकट मिळे. १८५० नंतर लवकरच ही सवलत काढून घेण्यांत आली. म्हणजे घरीं जायचें तर पदरचा पैसा हवा. बेटांतच मोकळेपणानें राहून भाजीपाला लावावा, गाई पाळाव्या, फेरी करावी, असें म्हटलें तर १८६७ चा कायदा आडवा आला. त्या कायद्यानें जुन्या आप्रवाशानें स्वतःच्या छायाचित्रासह एक परवाना सदैव जवळ बाळगावा असें ठरविलें. परवाना घरीं राहिला, हरवला, किंवा परवान्यांत लिहिलेल्या जिल्ह्याबाहेर पाऊल पडलें, कीं पोलीस त्यास भटक्या म्हणून धरीत. आणि हा कायदा आला तोही हिवतापाची भयंकर सांथ बेटांत थैमान घालीत असतां, जिच्यांत हजारों माणसें मेलीं. मळ्यावर करारानें बांधून घेतलेल्या मनुष्यास पोलिसांचा हा जांच कमी. मग मजुरानें पुन्हा करारावर आंगठा उठविला तर तो कामाच्या गोडीनें कीं तुरुंगाच्या भीतीनें? दरवाजाबाहेर वाघ उभा करून, पाहुणा घरांतून हलत नाहीं म्हणून आपल्या आदरातिथ्याची बढाई मारणाऱ्या यजमानासारखाच हा युक्तिवाद आहे.

मजुरांचें स्वतःचें म्हणणें प्रथमच एकत्र ऐकूं आलें तें १८७१ सालीं. आदोल्फ द प्लेविट्झ नांवाचा जर्मन वंशाचा एक गृहस्थ सासऱ्याचा मळा सांभाळीत होता. म्हणजे तो मळेवाल्यांच्याच जातकुळींतला. परंतु शेजारच्या मजुरांवर होणारा जुलूम त्याला पाहवेना. त्यानें राजरत्नम् मुदलियार या हिंदी मनुष्याच्या साहाय्यानें जुन्या आप्रवाशांचा एक अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ सह्या व निशाण्या जमल्या, आणि जूनमध्यें तो गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांजकडे गेला. ज्या लोकांस लिहितां येत नाहीं, ज्यांना परवान्यावांचून शेजारच्या जिल्ह्यांत जातां येत नाहीं, त्यांच्यांतून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसें कागदावर खूण करण्यास पुढें येतात, ही गोष्ट बचत बँकेच्या ठेवींहून आम्हांस अधिक बोलकी वाटते. विशेष हें कीं, या अर्जांतील मुख्य गाऱ्हाणें पगार थोडा आहे असें नव्हतें. गाऱ्हाणें होतें तें परवान्याचें, पोलिसांचें, विनाकारण अटकेचें. स्वतःच्या पायानें रस्त्यावर चालतां येत नाहीं याचें.

याबद्दल प्लेविट्झला पोर्ट लुईच्या रस्त्यांत मार खावा लागला, आणि त्यास बेटांतून घालवून द्यावें असा अर्ज मळेवाल्यांनीं केला. परंतु प्रकरण दडपलें गेलें नाहीं. इंग्लंडच्या सरकारनें चौकशीसाठीं दोन कमिशनर नेमले. त्यांपैकीं विल्यम एडवर्ड फ्रीयर हे मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले गृहस्थ होते. दुसरे व्हिक्टर विल्यमसन. १८७२ सालीं त्यांनीं चौकशी सुरू केली व १८७५ सालीं त्यांचा भला मोठा रिपोर्ट प्रसिद्ध झाला. पगार थकविणें, दुप्पट कपातीचा गैरवापर, पोलिसांच्या धाडी आणि मॅजिस्ट्रेटांचा मळेवाल्यांकडे असलेला कल, या सर्वांचा पुरावा त्यांत आला. प्लेविट्झचा अर्ज मुख्य मुद्द्यांत खरा ठरला. त्यानंतर १८७८ सालीं मजुरांचा कायदा नव्यानें करण्यांत आला. प्लेविट्झनें मात्र तत्पूर्वींच बेट सोडलें होतें.

येथवर जें पाहिलें तें दुःखाचें झालें. या लोकांस समाधान कशांत वाटत असे, याचाही कांहीं पत्ता लागतो काय? आम्हांस वाटतें, लागतो. मनुष्यास खरोखर काय हवें होतें हें पाहायचें असेल तर बंधन थोडें सैल झाल्याबरोबर तो कोठें वळतो तें पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत जगांतील साखरेचा भाव उतरला. युरोपांत बीटाची साखर होऊं लागली होती. मॉरिशसच्या मळेवाल्यांस मोठे मळे झेपेनात. त्यांनीं कडेकडेच्या जमिनींचे तुकडे पाडून ते विकावयास काढले. हे तुकडे विकत घेतले ते मुख्यतः या हिंदी मजुरांनीं व त्यांच्या मुलांनीं. चांदीचे दागिने मोडून, सरदाराकडून उसने काढून, अनेक भावांनीं मिळून एकेक तुकडा घेतला आणि त्यांत लावला काय? तर पुन्हा ऊसच! तोच पाला, तीच खाज, तोच कोयता, तेंच ऊन. परंतु आतां पहाटे उठविण्यास सरदार येत नव्हता, आणि एखादे दिवशीं मूल आजारी म्हणून घरीं राहिलें तर दोन दिवसांची कपात होत नव्हती. काम तेंच राहिलें. कामाचा धनी बदलला. ज्या उसास कंटाळून माणसें पळत होतीं, तोच ऊस त्यांनीं पैसे देऊन विकत घेतला. कामांतील समाधान कामाच्या प्रकारावर किती थोडें व त्यावरील आपल्या सत्तेवर किती अधिक अवलंबून असतें, याचें याहून चांगलें उदाहरण इतिहासांत आम्हांस तरी आढळलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट संसाराची. पहिल्या खेपांत बायका फारच थोड्या गेल्या. पुढें त्यांचें प्रमाण कायद्यानें वाढविण्यांत आलें, आणि जसजसे संसार मांडले गेले तसतशी परत जाणारांची संख्या रोडावली. एकंदर आलेल्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा परत गेला. बाकीचे तेथेंच राहिले किंवा तेथेंच मेले. तिसरी गोष्ट संध्याकाळची. बिहारकडच्या लोकांनीं गांवोगांव ‘बैठका’ चालविल्या. दिवसभर राबून आलेले लोक तेथें जमून रामायण वाचीत व मुलांस अक्षरें शिकवीत. मराठी माणसें संख्येनें थोडीं, तरी त्यांनींही आपलें चार गोष्टींचें गांठोडें जपलें. कोकणांतील झाकडी ते आजही नाचतात. गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते, व शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे. आडनांवें मात्र हरवलीं. बंदरावरचा कारकून उतरणाऱ्याचें पहिलें नांव लिहून घेई व त्यास एक नंबर देई. पुढें तें नांवच कुळाचें आडनांव होऊन बसलें. ते नंबर, तीं छायाचित्रें व ते कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेले आहेत, आणि आजचे मॉरिशसवासी पणजोबाचा नंबर शोधीत तेथें येतात. त्या देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हेही एका करारबद्ध मजुराचेच पुत्र.

ही पद्धति शेवटीं बंद कशी पडली? मॉरिशसपुरती ती १९१० सालीं थांबली, कारण बेटांत आतां मजूर पुरेसे झाले होते. इतर वसाहतींत ती चालूच होती. तिच्याविरुद्ध ४ मार्च १९१२ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव आणला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनीं. गोखल्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूकचा. ज्या मातींतून मॉरिशसला माणसें गेलीं त्याच मातींतला. हे एकेकाळचे गणिताचे व इतिहासाचे प्राध्यापक आंकड्यांत तरबेज. पण या प्रसंगीं त्यांनीं पगाराच्या आंकड्यांवर भर दिला नाहीं. त्यांचा रोख वेगळ्याच ठिकाणीं होता: ज्या देशाची भाषा व रीत मजुरास ठाऊक नाहीं तेथें त्याला न्यायचें, धनी निवडण्याचा हक्क त्यास द्यायचा नाहीं, आणि दिवाणी स्वरूपाच्या कराराचा भंग झाल्यास फौजदारी शिक्षा द्यायची, ही व्यवस्थाच मुळांत अन्यायाची आहे. सरकारी मतांच्या बळावर तो ठराव फेटाळला गेला. तथापि १९१६ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच प्रश्न पुन्हा उभा केला, १९१७ सालीं भरती थांबली, व १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेले करारही रद्द झाले. गोखले तें पाहण्यास राहिले नव्हते.

हा इतिहास आतां सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन असें कीं, प्रवासी मजुराचा प्रश्न संपलेला नाहीं. त्याच मॉरिशसच्या कापड-कारखान्यांत आज बांगलादेश, मादागास्कर वगैरे देशांतून करारावर आणलेले मजूर राबतात. आखाताच्या देशांत आपल्या कोकणांतलीं घरेंच्या घरें गेलीं आहेत. आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, जांवई परदेशीं मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांची व त्या मजुरांची तुलना करणें हें अतिशयोक्तीचें होईल, हें आम्ही जाणतों. परंतु एक धागा समान आहे. परदेशीं गेलेल्या आपल्या माणसास आपण फोनवर पहिल्यानें काय विचारतों? पगार किती, घर केवढें, जेवणाचे हाल होत नाहींत ना. मळेवालेही हेंच सांगत: पांच रुपये, तांदूळ, डाळ, राहावयास खोली.

या सर्व गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. उपाशी मनुष्यास समाधानाचीं प्रवचनें ऐकविणें हा निर्दयपणा होय. पण मॉरिशसच्या त्या साडेनऊ हजार निशाण्यांनीं आणि पुढें विकत घेतलेल्या उसाच्या तुकड्यांनीं आम्हांस एवढें शिकविलें आहे कीं, समाधानाची खरी परीक्षा दुसऱ्याच प्रश्नानें होते. तेव्हां पुढच्या वेळीं फोन आला म्हणजे, पगाराची चौकशी झाल्यावर, आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘बाळ, तुला हें काम सोडावेंसें वाटलें, तर सोडतां येईल ना?’